खोली दहा फूट

लाकडाची एक ठोकळी, बिस्किटाएवढी. मधून भोक, भोकातून दोरी.

शेषरावांच्या घराच्या दहा भिंती, लेझरनं मोजलेल्या. दहाही एकेक सूत झुकलेल्या, आणि त्याही गवंडी ज्या बाजूला उभा राहिला होता त्याच बाजूला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दिसत नाही.

"चार लिही माय. चारच लिही."

नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांना ते एकाच उंचीवर उभं राहतं. टोकं दहा फुटांवर असोत की शंभर.

खोडरबराचा चुरा, फुंकरीनं उडवलेला.

धामणगाव बढ्यात नळ दहा दिवसांनी येतो.

हैदराबादचा फोन सिंधूताईंच्याच मोबाइलवर येतो. तो आला की भाऊरावांना नेमकं बाहेर काम निघतं.

*

प्रश्न १. घर कोणासाठी?

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात महामाया बुलढाण्याहून एसटीत बसली, तेव्हा तिच्या डोक्यात एकच दार होतं. पाच महिने ते दार तिला ठरवता आलं नव्हतं. राजूर घाट उतरेपर्यंत तिनं ते दोनदा आत काढलं, दोनदा बाहेर काढलं. मोताळ्याला गाडी थांबली तेव्हा दार परत हवेतच होतं.

बुलढाण्याच्या कॉलेजात तीन वर्षांपूर्वी ही पदवी सुरू झाली. गृहबांधणी आणि निवासी विकास. पहिल्याच तुकडीत अकरा जण, त्यात मुली दोन, एक महामाया. धामणगावात ही बातमी पोचली तेव्हा चहाच्या टपरीवर रवीनं चांगलीच करमणूक करून घेतली होती. रवी म्हणजे भाऊराव मिस्त्रींच्या हाताखाली वीस वर्षं माल कालवणारा गडी, तोंडानं फाटका.

"घर पाहावं बांधून अन् लग्न पाहावं करून," तो म्हणाला. "एकाची डिग्री निघाली. दुसऱ्याची निघाली का मले सांगजा. माहा चुलतभाऊ पस्तीसचा झाला, त्याले भरती करून टाकू."

सगळे हसले. भाऊराव हसले नाहीत. कपातला चहा संपवून म्हणाले, "असन तं चांगलंच हाय. आमच्या टायमाले नव्हती म्हणून आमी अंगठे ठेचून शिकलो."

आणि मुलीला हॉस्टेलवर सोडायला गेले तेव्हा तिच्या बॅगेत त्यांनी आपला ओळंबा घातला. पितळेचा गोळा, दोरी, आणि गोळ्याच्याच रुंदीची लाकडाची ठोकळी. ठोकळी भिंतीला वर टेकवायची, गोळा खाली सोडायचा. गोळा भिंतीला जेमतेम शिवला तर भिंत सरळ.

"पुस्तकं बोलतीन काही बी," ते म्हणाले. "हे खोटं बोलत नाई."

*

प्रश्न ३. घरात किती माणसं राहणार?

कॉलेजातल्या राखी मॅडमचे दोन नियम होते. पहिला: नकाशा काढण्याआधी माणसांना विचारायचं. चाळीस प्रश्न, घरातल्या प्रत्येकाला वेगळं बसवून. सगळ्यात आधी कोण उठतं, देवाला किंवा बुद्धाला जागा कुठे, पाहुणा आला तर कोण बाहेर झोपतं, म्हातारपणी पायऱ्या चढवतील का. दुसरा: गवंड्याच्या हातात जाणारा नकाशा मराठीत असायचा. "ज्याच्या हातात थापी आहे त्याला तो वाचता आला पाहिजे," मॅडम म्हणायच्या. "नाहीतर तुम्ही त्याच्या डोक्यावर कागद धरताय, हातात देत नाही."

तिसऱ्या वर्षाला प्रत्येकानं एक खरं घर काढायचं आणि ते बांधून होताना पाहायचं. शेवटी मॅडम स्वतः येऊन नकाशा हातात धरून घरातून फिरणार. महामायानं आपलंच घर घेतलं. जुन्या दोन खोल्यांमागे पडीक जागा होती. भाऊराव कधीपासून म्हणत होतेच, की एकदा हात लावू.

प्रश्न विचारायला तिनं आधी वडिलांना बसवलं.

"घरात किती माणसं राहणार?"

"तीन."

"बाबा..."

"मी, तुही माय, तू. तुहं लगन झालं का दोन. लिही."

मग आईला. सिंधूताई तूर निवडत होत्या. त्यांनी सुपातून मान वर केली नाही. "चार लिही माय. चारच लिही."

चौथा म्हणजे संघर्ष. महामायाचा थोरला भाऊ.

संघर्ष सोळाव्या वर्षापासून वडिलांसोबत कामावर जायचा. पाण्याच्या नळीचं एक टोक भाऊरावांच्या हातात, दुसरं संघर्षच्या. घराच्या या कोपऱ्यातून भाऊराव ओरडायचे, "आलं काय?" त्या कोपऱ्यातून तो ओरडायचा, "आलं!" आणि खुणेची रेघ मारायचा. दिवसभर दोघांत तेवढंच बोलणं, पण त्याच्यावर कुणाचं अख्खं घर समपातळीत उभं राहायचं. शेषरावांचं घर बांधायला घेतलं तेव्हा संघर्ष तेवीस वर्षांचा होता. मलकापूरहून त्यानं स्वतःचा नवा ओळंबा आणला आणि वडिलांना म्हणाला, ही माजघराची भिंत एकटा घेतो, तुम्ही बघू पण नका.

भाऊरावांनी बघितलं नाही. तीन दिवसांनी भिंत पुरी झाली तेव्हा मात्र त्यांनी आपला ओळंबा काढला आणि वरून सोडला. गोळा भिंतीला टेकून बसला, हलेचना.

"पोट निघालं," भाऊराव म्हणाले.

"माह्या ओळंब्यात सरळ हाय."

"सूतभर पोट निघालं. पाड."

"बाबा, एका सुतानं काय होते? गिलाव्यात झाकून जाते."

हे तो बोलला नसता तर कदाचित वेगळं झालं असतं. भाऊरावांनी घण उचलला. शेषराव उभे होते, रवी उभा होता, शेजारचे कारभारी नुसतेच बघायला आलेले. त्या सगळ्यांसमोर बापानं मुलाची पहिली भिंत पाडली. संघर्षनं नवा ओळंबा तिथंच विटांच्या ढिगावर ठेवला, घरी येऊन आईच्या हातची भाकर खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी हैदराबादची गाडी धरली. तिथं तो फरश्या बसवतो. चार वर्षं झाली. एकाही चौदा एप्रिलला आला नाही. विहारापासून मिरवणूक निघते तेव्हा सिंधूताई दारात थांबतात, सगळी मिरवणूक जाऊ देतात, आणि मगच आत येतात.

आपला ओळंबा मुलीला दिल्यापासून भाऊराव संघर्षचाच ओळंबा वापरतात. विटांच्या ढिगावरून तो त्यांनीच उचलून आणला होता.

*

प्रश्न २२. कोणत्या खोलीचं दार कुठून हवं?

नकाशा काढायला महामायाला चार रात्री नाही, चार रविवार लागले. सपरी, म्हणजे ओसरी, बारा बाय दहा. स्वयंपाकघर दहा बाय आठ, चूल आणि गॅस दोन्हींना जागा, कारण सिंधूताईंना भाकर चुलीवरचीच लागते. न्हाणी. आई-वडिलांची खोली. आणि दक्षिणेच्या कोपऱ्यात एक चौकोन.

त्या चौकोनात तिनं आधी लिहिलं: संघर्ष १०' × १०'.

मग बघत बसली. हा कागद वडिलांच्या हातात जाणार. ते वाचणार. पेन्सिल उचलून नावावर रेघ मारणार, आणि नावासोबत अख्खा चौकोन जाणार. तिनं खोडरबर घेतलं. हात जरा जोरात चालला, नावासोबत निम्मं मापही पुसलं गेलं. फुंकर मारली. राहिलेल्या दहाच्या आधी तिनं घाईनं एक शब्द लिहिला, कुणाचाच नसलेला: खोली.

खोली १०'.

चौकोनच आहे, दोन्ही बाजू दहा, कोण विचारणार, असं तिनं स्वतःशी म्हटलं.

राहिलं दार. सपरीतून काढावं तर येता-जाता त्याला वडिलांच्या खाटेसमोरून जावं लागणार. बाहेरून काढावं तर तो आला काय, गेला काय, घराला पत्ताच नाही; भाडेकरूसारखा. तिनं त्याला व्हॉट्सअॅपवर बावीस नंबरचा प्रश्न पाठवला. दोन निळ्या खुणा झाल्या. उत्तर आलं नाही. मग तिनं दार काढलंच नाही. दार नाही म्हणून खिडकीही राहिली. उत्तर आलं की काढू.

सात फेब्रुवारीला कागद भाऊरावांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवत प्रत्येक अक्षर वाचलं. दुसऱ्या पानावर पायाचं चित्र होतं, तिथं तिनं लिहिलं होतं: पायाची खोली ५'. आपल्याकडं काळी माती, भेगाळते, म्हणून पाया पाच फूट. भाऊरावांनी मान हलवली.

"बरोबर," ते म्हणाले. "आता तू परीक्षेचं पाह्य. कागदात हाय तसंच होईन. मॅडमचा नकाशा हाय बाप्पा, आपण सूतभर इकडचं तिकडं करत नाई."

*

प्रश्न ३१. पाणी कुठून येतं, किती दिवसांनी?

धामणगावच्या थांब्यावर उतरली तर रवी समोरच.

"या मॅडम, या! हौद पाह्यला का तुमचा?"

"कोणता हौद?"

"कोणता म्हणता? अहो, आठ गावचे लोक पाहून राह्यले. तहसीलमंदी बी नसन असा. एकोणीस दिवस खणला आमी. जेसीबी बोळीतून येत नाई, अन् आला असता तरी तुमचे बाबा म्हणे, जेसीबीले सूत समजत नाई."

महामाया घरी पोचली तेव्हा जुन्या खोल्यांमागे चार भिंती छातीएवढ्या आलेल्या होत्या. सपरी होती, स्वयंपाकघर होतं. दक्षिणेच्या कोपऱ्यात भिंती नव्हत्या. तिथं जमीनच नव्हती. दहा बाय दहाचा खड्डा, कडा सुरीनं कापल्यासारख्या सरळ, आणि तळाशी भाऊराव. वरून नुसती पांढरी टोपी दिसत होती.

"आली काय?" खालून आवाज आला. "चार फूट काळी, मंग पिवळी, मंग मुरूम. आठ फुटावर दगड लागला. पहारीनं फोडला. टेप सोड खाली, मोज. दहा फूट. सूतभर कमी नाई!"

तिनं बॅगेतून नकाशाची प्रत काढली. काढायची गरज नव्हती. आपण काय लिहिलंय ते तिला डोळे मिटून दिसत होतं. खोली १०'. दार नाही, खिडकी नाही. नळ दहा दिवसांनी येणाऱ्या गावात, दार-खिडकी नसलेल्या दहा फूट खोलीच्या चौकोनाला कुठलाही शहाणा गवंडी दुसरं काय म्हणेल?

राखी मॅडमसाठी काढलेल्या इंग्रजी प्रतीत दोन वेगळे शब्द होते. मराठीत एकच. माणूस राहतो तीही खोली, आणि मोजायला टेप खाली सोडावा लागतो तीही.

"कसा झाला?" भाऊराव विचारत होते.

"सरळ झाला बाबा," ती म्हणाली.

सिंधूताई चुलीपाशी होत्या. लेक पाच आठवड्यांनी आली, पण त्यांनी पाण्याचा तांब्या नुसता पुढं सरकवला.

"तीनच लिहिलं ना शेवटी?" त्या म्हणाल्या.

"नाही वं माय."

"मंग पोराची खोली कुठी हाय? मी मनाशी म्हणे, ह्याच कोपऱ्यात घेतली असन. हे खणू लागले तं म्हटलं पाया असन. मंग कमरेपर्यंत गेले, मंग डोक्यापर्यंत. मी इचारलं, तं म्हणे नकाशात हाय. तुह्या नकाशात हाय, म्हणे." त्यांनी लाकूड आत सारलं. "पाणी साठवता माय तुमी. साठवा."

महामायानं आईला सगळं सांगितलं. शब्द, खोडरबर, दार. सिंधूताईंनी ऐकून घेतलं. चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग भाऊराव टपरीवर गेल्याचं पाहून त्या उठल्या, पदर खोचला आणि शिडीवरून खड्ड्यात उतरल्या. साठीला आलेली बाई, एकेक पाय चाचपत. महामाया वरून शिडी धरून उभी.

खाली जाऊन त्या मधोमध उभ्या राहिल्या. भिंतीला हात लावून पाहिला. मग एका कोपऱ्यात, जिथं मुरूम कोरडा होता, बसल्या.

"थंडं हाय इथं," त्या म्हणाल्या. "खाट अशी आली असती. त्याले पंखा सहन होत नाई, तुले ठाऊक हाय ना? डोकं दुखते." हातानं हवेत एक चौकोन काढला. "खिडकी इकडून."

मग वर बघून म्हणाल्या, "बापाले सांगशीन का मी सांगू?"

*

प्रश्न ३८. बांधकामात बदल झाला तर निर्णय कोणाचा?

सांगायची वेळ भाऊरावांनीच आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नकाशा घेऊन खड्ड्याच्या काठावर उभे होते, शेजारी रवी, आणि चहा पिता पिता आलेले कारभारी.

"मॅडम," भाऊराव म्हणाले. मुलीला ते लोकांसमोर हल्ली मॅडमच म्हणायचे, अर्धं कौतुकानं अर्धं चिडवायला. "स्लॅब टाकल्यावर आत उतरायले तोंड कोठी ठेवू? तू दाखवलं नाई."

"बाबा, हा हौद नाही."

"मंग?"

"खोली आहे."

"हाव, खोलीच. दहा फूट. लिहिलं हाय ना."

"नाही बाबा. खोली. राहायची."

रवी हसायला गेला आणि मध्येच थांबला. कारभाऱ्यांनी कप खाली ठेवला.

भाऊरावांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. मग चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "कोणाची?" त्यांनी विचारलं.

भाऊरावांनी कागद उचलून उन्हासमोर धरला. पेन्सिल पुसली जाते, तिचा दाब राहतो. 'खोली'च्या मागं कागदात खोल गेलेली दुसरी अक्षरं होती. त्यांनी ती बोट ठेवत वाचली, ओठ हलवत. अनुस्वार आला, रफार आला. शेवटचं अक्षर वाचून झाल्यावरही बोट तिथंच राहिलं.

"चूक माझी आहे बाबा," महामाया म्हणाली. "अर्धंच माप लिहिलं मी."

"तू लिहिलं अर्धं. वाचलं कोणं? म्या. इचारलं नाई कोणं? म्या." ते काठावर उकिडवे बसले. खाली, आपल्याच हातानं कापलेल्या कडांकडे बघत राहिले. "भिंत असती तं पाडली असती आताच्या आता," ते हळूच म्हणाले. "खड्डा कसा पाडतेत बे, रव्या?"

रवीनं गमछ्यानं तोंड पुसलं.

"सिंधू," भाऊरावांनी हाक मारली. "फोन लाव."

"कोणाले?"

"लाव म्हटलं ना."

"लावते. पण आत चला, इथं लोक..."

"लोक पाह्यजेतच. त्याची चार लोकायपुढं पाडली. माही बी चार लोकायपुढं."

सिंधूताईंनी फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडे फरशी कापायचं मशीन किंचाळत होतं.

"हां माय."

"मी बोलतो," भाऊराव म्हणाले.

मशीन बंद झालं. कुणीतरी तेलुगूत काहीतरी ओरडलं, तेही थांबलं.

"हां," संघर्ष म्हणाला.

"चूक झाली."

"कोणती?"

हा प्रश्न काठावर तसाच उभा राहिला. महामायानं नकाशाची गुंडाळी दोन्ही हातांनी घट्ट धरली. भाऊरावांनी घसा खाकरला.

"खोलीची. मायानं खोली काढली, म्या खोली खणली. दहा फूट."

"दहा?"

"सूतभर कमी नाई."

रवीला आता आवरेना. तो तोंडावर गमछा धरून वळला. फोनमधून खोकल्यासारखा आवाज आला. खोकलाच असेल. सिंधूताईंना तो हसल्यासारखा वाटला, त्यांनी फोन कानाजवळ नेला आणि परत मध्ये धरला.

"आता?" संघर्षनं विचारलं.

"आता भरतो."

"कशानं?"

"मुरूम."

"थर कितीचा घेता?"

"सहा इंची."

"पाणी मारून धुम्मस करा. एकदम भरू नका."

"मले शिकवून राह्यला काय बे?"

पलीकडे फरशीचा तुकडा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"नाही. सांगून राह्यलो."

"हं."

"भरावाले बसाले एक पावसाळा लागते. तवरोक भिंत घेऊ नका त्याच्यावर."

"नाई घेत."

"ठेवतो. मालाची गाडी आली."

"हाव. पाह्य तिकडे."

महामाया पुढं झाली. "दादा, दार..." पण फोन ठेवलेला होता.

*

प्रश्न ९. घरातली कोणती गोष्ट पुढे ढकलता येईल?

खड्डा खणायला एकोणीस दिवस लागले, भरायला सव्वीस. सहा इंच मुरूम, पाणी, धुम्मस. परत सहा इंच. धुम्मस म्हणजे बुडाला लोखंडी चकती मारलेला दांडा, तो उचलून आपटायचा. भाऊराव तो कुणाला देईनात. गावातले लोक आधी हौद बघायला यायचे, आता हौद बुजताना बघायला यायचे. "मिस्त्री, पाणी आवडलं नाई वाट्टे!" कारभारी म्हणाले. भाऊरावांनी उत्तर दिलं, "माणूस आवडला."

राखी मॅडम आल्या तेव्हा नकाशा हातात धरून सगळीकडे फिरल्या. सपरीत थांबल्या, स्वयंपाकघरात चुलीजवळ थांबल्या. भिंतींवर स्वतःचा ओळंबा सोडून पाहिला, सगळ्या सरळ. दक्षिणेच्या कोपऱ्यात ओल्या, ठोकून गुळगुळीत केलेल्या चौकोनापाशी येऊन त्यांनी नकाशा पाहिला.

"इथे काय?"

"खोली," महामाया म्हणाली.

"कधी?"

"भराव बसल्यावर."

"दार कुठून?"

"ज्याची खोली आहे, तो अजून सांगत नाहीये."

मॅडमनी नकाशावर लाल पेनानं एकच शब्द लिहिला, अपूर्ण. मग पेन बंद करता करता म्हणाल्या, "नापास नाही. अपूर्ण."

पदवी मिळाली. मोताळ्यात एका बांधकामाच्या ऑफिसात महामाया नकाशे काढते. मराठीतच काढते. फक्त राहायच्या खोलीला खोली लिहीत नाही, माणसाचं नाव लिहिते; आजीची, रेश्माची, पाहुण्याची. गिऱ्हाइकांना ते आवडतं. एकानं विचारलं, तर ती म्हणाली, आमच्याकडं तशी पद्धत आहे.

*

प्रश्न ४०. विचारायचं काही राहिलं का?

यंदा पाऊस चांगला झाला. दर रविवारी भाऊराव पाण्याची नळी काढतात. नळीला दोन माणसं लागतात. एक टोक सपरीच्या जोत्यावरच्या खुणेला लावून भाऊराव उभे राहतात, दुसरं टोक घेऊन सिंधूताई भरावाच्या मधोमध रोवलेल्या खुंटीपाशी उभ्या राहतात.

"आलं काय?" भाऊराव ओरडतात.

"थांबा जरा, हालून राह्यलं."

"हालू दे. बसू दे त्याले."

"आलं!"

मग महामाया खुंटीवर रेघ मारते आणि आधीच्या रेघेपासून माप घेते. जुलैत अर्धा इंच. ऑगस्टमध्ये पाऊण. सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी दोन सूत. तिसऱ्या रविवारी रेघेवर रेघ आली.

"बसलं," ती म्हणाली.

भाऊरावांनी नळीतलं पाणी सोडून दिलं नाही. टोक हातात धरून तसेच उभे राहिले. "कळव त्याले," ते म्हणाले.

महामायानं भरावाचा फोटो काढला: ओलसर तांबडा चौकोन, मध्ये खुंटी, खुंटीवर रेघा, पलीकडे नळीचं टोक धरलेली आई. फोटोखाली बावीस नंबरचा प्रश्न परत एकदा लिहिला. दार कुठून हवं? पाठवला.

दोन निळ्या खुणा झाल्या.

वर, नावाखाली, 'टाइप करत आहे' अशी अक्षरं आली. गेली. परत आली. सिंधूताई चिखलाच्या पायांनी तिच्या खांद्यामागे येऊन उभ्या राहिल्या. वाचता येत नसलं तरी ती अक्षरं आता त्यांना ओळखू येत होती. भाऊराव जोत्यावरून म्हणाले, "काय म्हणते?"

"लिहून राह्यला," सिंधूताई म्हणाल्या.

महामायानं दुसऱ्या वर्षाला प्रयोगशाळेत भाऊरावांच्या ओळंब्याची लाकडी ठोकळी मोजली होती, आणि मग लेझर नेऊन शेषरावांच्या भिंती. ती एक सूत झिजलेली होती, आणि संघर्षची भिंत सरळ होती.